नेदरलँड्समधल्या मराठी मंडळांना खुले पत्र: डच बँड बोलावणार असाल तर

प्रति,
नेदरलँड्समधील मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि सांस्कृतिक समित्या

स.न.वि.वि.

उन्हाळ्यात एखाद्या बागेत एक दिवसाचा छोटा संगीत महोत्सव करायचा आणि आपल्या कलाकारांबरोबर गावातले दोन-चार डच इंडी (मोठ्या कंपन्यांशिवाय, स्वतंत्रपणे वाजवणारे) बँडही वाजवायचे, ही कल्पना मंडळांमध्ये निघते तेव्हा सगळ्यांनाच आवडते. आम्हालाही आवडते. पण बहुतेक वेळा बँड ठरतो एकाच्या ओळखीने, वेळ ठरते दुसऱ्याच्या मर्जीने आणि मिक्सरवर चॅनेल, म्हणजे प्रत्येक माइक किंवा वाद्यासाठी वेगळी वाट, किती लागणार हे साउंडवाल्याला कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कळतं. आम्ही स्टेज, ध्वनी आणि बुकिंगच्या कामातली माणसं आहोत. आमची मागणी अशी: दोन भाषणांमधली जागा भरायला बँड बोलावू नका. बोलावलात तर बँड बदलायचा वेळ आणि बँडचे पैसे या दोन गोष्टी आधी बाजूला काढा, आणि मग बाकीचा कार्यक्रम बसवा.

कोणत्या बँडविषयी बोलतोय तेही सांगतो. रेडिओवर रोज वाजणारे आणि मोठ्या एजन्सीमार्फत येणारे बँड आपल्या अंदाजपत्रकात बसत नाहीत. आपल्याला हवेत ते सरावखोल्यांत आणि दीड-दोनशे माणसांच्या क्लबांत वाढलेले. या देशात ही परंपरा जुनी आहे. द एक्स १९७९ पासून वाजवतायत, बेटी सर्वेर्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून. अलीकडचे म्हणाल तर रॉटरडॅमचे लूसबर्ग आणि रॅट्स ऑन राफ्ट्स, ॲमस्टरडॅमचे पर्सनल ट्रेनर आणि ग्लोबल चार्मिंग, किंवा फ्रीसलँडमधल्या डोकुम या लहानशा गावातून निघून अमेरिकेतल्या सब पॉप या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचलेला द होमसिक. ही नावं दिशा कळावी म्हणून दिली. त्यांच्यामागे त्याच खोल्यांतून येणारे, अजून नाव न झालेले बँड आहेत आणि छोट्या महोत्सवाला तेच शोभतात.

ते सापडतात कुठे? ग्रोनिंगनचं व्हेरा, ॲमस्टरडॅमचं न्यूवे अनिता, उट्रेख्तचं एक्को, रॉटरडॅमचं वर्म या जागांचे मागच्या वर्षभराचे कार्यक्रम चाळा, आणि मुख्य बँडऐवजी त्याच्या आधी वाजवणाऱ्यांची नावं टिपा. पॉपरोंडे हा फिरता महोत्सव दर शरदात गावोगावच्या कॅफेंत आणि दुकानांत नवे बँड नेतो. त्याची त्या वर्षाची यादी म्हणजे आयतीच वही. व्हीपीआरओ या प्रसारण संस्थेच्या द्री फोर ट्वाल्फ या संगीत व्यासपीठाच्या स्थानिक आवृत्त्या आपापल्या शहरातल्या बँडविषयी लिहीत असतात. निवड मात्र रेकॉर्डिंगवरून करू नका. बेडरूममध्ये एकट्याने केलेल्या रेकॉर्डिंगमागे स्टेजवर सहा जण निघतात आणि सहा जणांचा आवाज वेगळाच असतो. प्रत्यक्ष वाजवतानाचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ मागा, फोनवर काढलेला असला तरी चालेल. आणि एक तरी बँड तुमच्याच गावातला घ्या. त्यांचे मित्र येतात, शेजारी येतात, आवाजाच्या तक्रारीही कमी होतात.

तारीख ठरवताना आपण शाळेच्या सुट्ट्या आणि आपले सण पाहतो. इथल्या संगीताचं पंचांग वेगळं आहे. २७ एप्रिलला राजाचा दिवस. त्या दिवशी देशातला प्रत्येक बँड कुठे ना कुठे वाजवत असतो आणि भाड्याने मिळणारा प्रत्येक स्पीकर बाहेर गेलेला असतो. ५ मे रोजी चौदा ठिकाणी मुक्तिदिनाचे महोत्सव असतात. जुलैत नायमेखेनच्या चार दिवसांच्या पदयात्रेच्या आठवड्यात तिथली आणि आसपासची सामग्री संपते, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी लोलँड्स हा मोठा संगीत महोत्सव. शाळेच्या सुट्ट्याही उत्तर, मध्य आणि दक्षिण विभागांत वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू होतात. त्यामुळे आइंडहोव्हनचा ड्रमर घरी असतो तेव्हा ग्रोनिंगनची गायिका फ्रान्समध्ये तंबूत असते. जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबरची सुरुवात बरी. जूनसाठी बोलणी फेब्रुवारीतच सुरू करा.

आता वेळापत्रक. सगळा घोळ इथेच होतो. पस्तीस मिनिटं वादन आणि पंचवीस मिनिटं चेंजओव्हर (बँड बदलायचा वेळ), म्हणजे बँडमागे एक तास. चार बँड म्हणजे चार तास, मधे जेवणाची सुट्टी आणि शेवटच्या बँडला दहा मिनिटं जास्त. चार वाजता सुरू केलं तर साडेनवाच्या आत संपतं. जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे दिव्यांवरचा खर्चही जवळजवळ वाचतो. पंचवीस मिनिटं ऐकून समितीतलं कोणीतरी म्हणतंच, "इतका वेळ कशाला? पाच मिनिटांत उरकतील." नाही उरकत. पहिली तीन मिनिटं टाळ्यांत आणि ॲम्प बंद करण्यात जातात. पाच ते सात मिनिटं सामान उतरवायला, तितकीच नवं सामान चढवून माइक जागेवर लावायला. मग लाइनचेक, म्हणजे एकेक वाद्य आणि माइक वाजवून त्याचा आवाज मिक्सरपर्यंत पोचतोय का ते पाहणं: ड्रममधले किक, स्नेअर आणि टॉम, मग बेस, गिटारी, कीबोर्ड, गळे, आणि शेवटी मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे त्यांच्यासमोरचे स्पीकर. चौदा चॅनेलचं हे काम घाई न करता सात-आठ मिनिटं घेतं. ते कापलं तर त्याची भरपाई बँड पहिल्या दोन गाण्यांत करतो आणि प्रेक्षक तेवढ्यात चहाला उठतात.

चेंजओव्हरच्या वेळात स्टेजवर सत्कार नको. शाल-श्रीफळ द्यायचं असेल तर आनंदाने द्या, बँडला कौतुक वाटेल. पण ते जेवणाच्या टेबलावर द्या. स्टेजवर नारळ घेऊन उभ्या असलेल्या गिटारवादकाला आपली केबल गुंडाळता येत नाही. सूत्रसंचालकाला स्टेजच्या कडेला वेगळा वायरलेस माइक द्या, आणि लकी ड्रॉसकट सगळ्या घोषणा चेंजओव्हरच्या पहिल्या दहा मिनिटांत आटपा. त्यानंतर लाइनचेक सुरू होतो आणि दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात.

साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी बँडने वाजवून आवाज बसवून घेणं, उलट क्रमाने करावा. शेवटी वाजवणारा बँड सगळ्यात आधी, सुरुवात करणारा सगळ्यात शेवटी. त्यामुळे पहिल्या बँडचं सामान आणि माइक जागेवरच राहतात आणि कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. शेवटच्याला एक तास, बाकीच्यांना अर्धा-अर्धा तास. म्हणजे चारच्या कार्यक्रमासाठी शेवटी वाजवणारा बँड दुपारी एक वाजता स्टेजवर हवा आणि ध्वनियंत्रणा साडेबाराला लागून तपासलेली हवी. तेवढा वेळ नसेल तर फक्त पहिल्या आणि शेवटच्या बँडचा साउंडचेक घ्या. मधल्या दोघांना लाइनचेकवर भागवावं लागेल हे आधी कळवा. छोट्या बँडना याची सवय असते, त्यांना फक्त ऐनवेळी कळलेलं आवडत नाही.

बँडकडून दोन कागद मागायचे: स्टेजचा नकाशा आणि चॅनेलची यादी. चार आठवडे आधी मागा आणि आठवडाभर आधी फोन करून पुन्हा विचारा, कारण आलेला कागद पुष्कळदा मागच्या वर्षीचा असतो आणि मधल्या काळात बँडमध्ये एक कीबोर्डवादक वाढलेला असतो. दोन गिटारी, बेस, ड्रम आणि दोन गळे अशा चौघांच्या बँडला बारा ते चौदा चॅनेल लागतात. पर्सनल ट्रेनरसारखा सहा-सात जणांचा ताफा आला की हीच यादी वीस-बावीसवर जाते. इथे एक नेहमीचा फटका बसतो. बेरिंगर एक्स३२ सारखा बत्तीस चॅनेलचा मिक्सर भाड्याने आणला की वाटतं, झालं काम. पण स्टेजवर ठेवायचा स्टेजबॉक्स, म्हणजे माइक-केबल जोडायची पेटी, सोळाचाच असला तर स्टेजवरून सोळाच केबल येतात. बाकीच्या तुम्हाला जमिनीवरून मिक्सरपर्यंत ओढाव्या लागतात. भाड्याची यादी वाचताना दोन्ही आकडे पाहा.

ड्रम आणि ॲम्प मंडळाने पुरवावेत. याला बॅकलाइन म्हणतात, आणि सगळ्या बँडनी एकच बॅकलाइन वापरली की चेंजओव्हरमधली निम्मी हमाली वाचते. ड्रमचा सांगाडा: २२ इंची किक, १२ आणि १६ इंची टॉम, तीन झांजांचे स्टँड, हायहॅटचा आणि स्नेअरचा स्टँड, बसायचं स्टूल. स्नेअर, झांजा आणि किकचं पेडल ड्रमर स्वतःचं आणतो, आणि हे त्याला पत्रात लिहून कळवायचं. खाली दोन मीटर बाय दोन मीटरचा जाड गालिचा हवाच. नसेल तर किक ड्रम प्रत्येक ठोक्याला इंचभर पुढे सरकत राहतो. हा गालिचा हटकून विसरला जातो. कोणी डावखुरा ड्रमर आहे का तेही विचारून ठेवा, कारण मग पूर्ण संच फिरवावा लागतो आणि चेंजओव्हरला पाच मिनिटं जास्त लागतात.

गिटारचे ॲम्प दोन, बेसचा एक. गिटारला १५ ते ३० वॅटचे व्हॉल्व्हवाले ॲम्प पुरतात. मोठा ॲम्प म्हणजे चांगला आवाज असं नाही. मोठ्या सभागृहाच्या स्टेजसाठी बनवलेला ॲम्प सहा मीटर बाय चार मीटरच्या स्टेजवर पूर्ण उघडला तर गायिका कोणालाच ऐकू येत नाही. गिटारवादक मात्र आवाज वाढवत राहतो, कारण ॲम्प त्याच्या पोटरीशी असतो आणि कान दीड मीटर वर. उपाय अगदी स्वस्त आहे: ॲम्प बिअरच्या रिकाम्या क्रेटवर ठेवा आणि किंचित मागे कलवा, किंवा स्टेजच्या कडेला ठेवून आडवा वळवा. वादकाला स्वतःचा आवाज ऐकू आला की तो आपणहून बटण खाली आणतो. त्याला भांडून सांगण्यापेक्षा हे बरं.

या बँडची एक खोड साउंडवाल्याने आधीच लक्षात घ्यावी. पुष्कळ जण गात नाहीत, बोलतात. लूसबर्गचं गायन तर जवळजवळ बोलण्याच्याच पट्टीत असतं, सपाट आणि संथ. आपल्या कार्यक्रमांना येणाऱ्या साउंडवाल्याला खुल्या गळ्याच्या गायकांची सवय असते. हळू बोलणाऱ्या माणसाचा आवाज वर आणायला तो माइक उघडत जातो, त्याच माइकमधून मागच्या झांजा आत शिरतात आणि मॉनिटर शिट्टी मारायला लागतो. तेव्हा गायकाला ड्रमच्या सरळ रेषेत उभं करू नका, अर्धा-पाऊण मीटर बाजूला सरकवा. माइकमध्ये १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. शूर एसएम५८ असेल तर मॉनिटर माइकच्या थेट मागे, कारण त्या माइकला मागून सगळ्यात कमी ऐकू येतं. बीटा ५८ असेल तर मॉनिटर थेट मागे नको, दोन्ही बाजूंना तिरका हवा. त्याची बहिरी जागा मागे नसून मागच्या कोपऱ्यांत असते. हा एवढा फरक माहीत नसल्याने कितीतरी वेळ बटणं फिरवण्यात जातो. आणि गाण्याचे शब्द कळले नाहीत म्हणून कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज एका पातळीत आणणारी सोय) वाढवू नका. त्याने शब्द वाढत नाहीत, झांजा वाढतात.

दुसरी खोड, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायातल्या पेडलांची. प्रत्येक गिटारवादकापुढे आठ-दहा पेडलं असतात आणि प्रत्येकाला वीज लागते. स्टेजच्या पुढच्या कडेला डावीकडे, मधोमध आणि उजवीकडे एकेक प्लगपट्टी, ड्रमजवळ एक, कीबोर्डजवळ एक. कीबोर्ड, सॅम्पलर आणि लॅपटॉपसाठी चार ते सहा डीआय बॉक्स, म्हणजे त्यांचा आवाज माइकच्या केबलवरून मिक्सरला नेणाऱ्या डब्या. लॅपटॉप जोडल्यावर गुणगुण ऐकू आली तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगचं अर्थिंग मात्र कधीही तोडू नका. टेप लावून अर्थिंग झाकण्याची युक्ती कोणी सुचवली तर त्याला स्टेजवरून खाली उतरवा. ओल्या गवतावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात धातूच्या तारा आणि ओठाशी धातूची जाळी असते.

विजेचा हिशोब आपल्याकडे स्वयंपाकघरामुळे चुकतो. इथल्या साध्या सॉकेटमधून १६ अँपिअर, म्हणजे जेमतेम ३.६ किलोवॅट मिळतात. चहाची एक किटली २००० वॅटची असते, वड्यांचा विजेचा फ्रायर ३००० चा. दोन्ही एकाच वेळी, स्टेजच्या फेजवर लागले की स्टेज बंद. डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, तोवर मैदानात शांतता. तीन फेजचा १६ अँपिअरचा लाल सॉकेट मागा. त्यात सुमारे ११ किलोवॅट मिळतात आणि दोन-तीनशे माणसांच्या ध्वनी-प्रकाशाला ते पुरतात. एक फेज ध्वनीला, एक दिव्यांना, तिसरी मोकळी. खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांची लाइन संपूर्ण वेगळी हवी. मिक्सरला छोटा यूपीएस लावा. सगळ्या लाइनींवर ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण हवं आणि केबल जिथे माणसं चालतात तिथे रबरी पट्ट्यांखाली.

पाऊस येणार हे धरूनच चला. छप्पर असलं तरी वारा पाऊस आत आणतो, म्हणून पेडलं स्टेजच्या कडेपासून एक मीटर आत ठेवा आणि प्रत्येक वादकाच्या जागी एक प्लास्टिकचं कापड घडी करून ठेवा. किती वाऱ्याला तंबू रिकामा करायचा हा आकडा तंबूवाल्याच्या कागदात लिहिलेला असतो. तो वाचून ठेवणारा एक माणूस नेमा, निर्णयाचा अधिकार त्यालाच द्या. अध्यक्षांनाही तो ओलांडता येऊ नये. उन्हाचाही विचार करा. स्टेजचं तोंड पश्चिमेला असेल तर संध्याकाळभर ऊन वादकांच्या डोळ्यांत जातं, पेडलांचे पडदे दिसत नाहीत आणि तापलेल्या गिटारी सुरातून उतरतात.

आवाजाची मर्यादा हा आपल्या मंडळांसाठी सगळ्यात नाजूक विषय, कारण त्याच दिवशी ढोल-ताशाही असतो. इथल्या श्रवणसंरक्षणाच्या करारात प्रौढ प्रेक्षकांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०३ डेसिबल ही वरची मर्यादा म्हणून आली. मुलं असतील तर मर्यादा बरीच खाली येते, आणि आपल्याकडे मुलं असतातच. तेव्हा १०३ कडे पाहूच नका, मिक्सरपाशी ९५ च्या आसपास राहा. शिवाय नगरपालिका परवान्यात जवळच्या घरांच्या भिंतीपाशी किती आवाज चालेल हे वेगळं लिहिते, आणि बऱ्याचदा खर्जासाठी वेगळा आकडा देते. स्टेजचं तोंड घरांकडे नको. दोन्ही खर्जाचे स्पीकर स्टेजच्या डाव्या-उजव्या टोकांना ठेवण्याऐवजी मधोमध एकत्र ठेवा. मैदानात आवाज सारखा पसरतो आणि कमी ताकदीत काम भागतं.

ढोलांचं गणित सरासरीत असं बसतं: पथकाने ५ मिनिटं १०६ डेसिबलवर वाजवलं आणि पुढची १० मिनिटं पूर्ण शांतता ठेवली, तरी १५ मिनिटांची सरासरी १०१ च्या वर निघते. म्हणजे पथकानंतर लगेच बँड चढवला तर त्याच्या पहिल्या गाण्यांना हातात काही उरत नाही, आणि प्रेक्षकांचे कानही बधिर झालेले असतात. पथक दुपारी सुरुवातीला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, माइकशिवाय. नंतर अर्धा तास मोकळा. कानात घालायचे बोळे प्रवेशापाशी ठेवा, मुलांसाठी कर्णकवचं.

परवान्याबाबत थोडक्यात: छोट्या कार्यक्रमाला काही गावांत नुसती सूचना पुरते, काही ठिकाणी पूर्ण परवाना लागतो. मुदत गावागावाला वेगळी, पण तीन महिने हाताशी ठेवा. बिअर विकायची असेल तर अल्कोहोल कायद्याच्या कलम ३५ खाली वेगळी सूट मागावी लागते, ती फक्त सौम्य मद्याला मिळते आणि १८ वर्षांखाली कोणाला द्यायची नाही. संगीतासाठी बुमा ही संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीने शुल्क घेते. बँडने स्वतःची गाणी वाजवली तरी ते भरावं लागतं आणि ते आयोजकाने भरायचं असतं, बँडने नव्हे. वाजवलेल्या गाण्यांची यादी बुमाकडे गेली तर त्यातला वाटा बँडला परत मिळतो, म्हणून कार्यक्रम संपल्यावर यादी मागून घ्या. मधल्या वेळात स्पीकरवर रेकॉर्ड लावाल तर सेना या दुसऱ्या संस्थेचं शुल्क. (नाव ऐकून दचकू नका, आपल्याकडच्या कुठल्याही सेनेशी संबंध नाही.)

पैशांविषयी स्पष्ट बोलतो. "आमच्याकडे चारशे माणसं येतात, तुमची प्रसिद्धी होईल" हे वाक्य या देशातल्या प्रत्येक छोट्या बँडने प्रत्येक कॅफेवाल्याकडून ऐकलेलं आहे. केटररला आपण प्रसिद्धी देत नाही, पैसे देतो. आमच्या मते माणशी १५० युरो ही खालची पायरी असावी आणि प्रवासखर्च वेगळा. २०२४ मध्ये प्रवासाचा करमुक्त दर किलोमीटरला ०.२३ युरो झाला. तोच धरला तर ग्रोनिंगनहून आइंडहोव्हनला येऊन-जाऊन सुमारे ५०० किलोमीटरचे ११५ युरो होतात. एवढे पैसे नसतील तर चारऐवजी दोन बँड बोलवा. कराच्या बाबतीत कलाकारांसाठी वेगळी तरतूद आहे: माणशी, कार्यक्रमामागे १६३ युरोपर्यंतची रक्कम खर्चाची भरपाई म्हणून कर न कापता देता येते. त्यासाठी बँडकडून आधी कागद भरून घ्यावा लागतो, ओळखपत्राची नोंद ठेवावी लागते. खजिनदारांनी हे काम कार्यक्रमाच्या दिवशी रात्री दहा वाजता काढू नये. बँडकडे स्वतःची नोंदणी असेल तर ते बिल देतील आणि मग हिशोब साधा होतो. बिल आलं की दोन आठवड्यांत भरा. दीडशे युरोसाठी सप्टेंबरपर्यंत आठवण करत बसणारा बँड पुन्हा येत नाही, आणि इतरांनाही सांगतो.

त्यांना रेकॉर्ड आणि टी-शर्ट विकायला दोन मीटरचं टेबल द्या, सावलीत. उन्हात ठेवलेली रेकॉर्ड तासाभरात वाकते. विक्रीतून मंडळाने टक्केवारी घेऊ नये. गाडी स्टेजमागे आणायची वाट आणि उभी करायची जागा नकाशावर दाखवून पाठवा. जुन्या डिझेल गाड्यांना काही शहरांच्या मध्यभागी बंदी असते, तेव्हा बँडला गाडीचा क्रमांक टाकून तपासायला सांगा.

जेवणाच्या बाबतीत मंडळांना कोणी शिकवायची गरज नाही, इथल्या बऱ्याच महोत्सवांत मिळणाऱ्या पाव-चीजपेक्षा आपला वरणभात कितीतरी वरचा आहे. काळजी दोनच गोष्टींची. या बँडमध्ये शाकाहारी पुष्कळ आणि दूध-तूपही न खाणारे बरेच, म्हणून आमटीला तुपाऐवजी तेलाची फोडणी द्या आणि तसं सांगा. आणि शेंगदाणे. कूट आपण खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीत, चटणीत सगळीकडे घालतो आणि ते दिसत नाही. ॲलर्जी विचारून ठेवा, प्रत्येक भांड्यापुढे चिठ्ठी लावा: शेंगदाणे, तीळ, काजू, गहू, दूध. ज्याला शेंगदाणा चालत नाही त्याचं ताट वेगळ्या पळीने वाढा. जेवण वादनाच्या निदान दीड तास आधी किंवा नंतर द्या. मिसळ खाऊन वीस मिनिटांत गायला उभं राहणं आपल्यालाही जमत नाही.

माणसं किती लागतात? स्टेज सांभाळणारा एक, आणि घड्याळ त्याच्या हातात. मिक्सरवर एक. स्टेजवर माइक-केबल बदलणारा एक, आणि हा जाणकार हवा, हौशी नको. उचलायला चार स्वयंसेवक. बँडना आल्यापासून जाईपर्यंत भेटणारा एक, ज्याचा फोन लागतो. स्टेजमागच्या खोक्यात काळी गॅफर टेप, ड्रमची किल्ली, सहा मीटरच्या चार जॅक केबल, ॲम्पच्या चार वीजकेबल, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, फ्यूज आणि टॉर्च. यातलं काही ना काही प्रत्येक कार्यक्रमात लागतं.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत तीन ठराव करावेत ही विनंती. बँडमागे एक तास, त्यात भाषण नाही. मानधनाची रक्कम जागेच्या भाड्याबरोबरच बाजूला काढायची. आणि स्टेजचा नकाशा आणि चॅनेलची यादी साउंडवाल्याने पाहून होकार दिल्याशिवाय बँडचं नाव जाहीर करायचं नाही. ज्या मंडळांना ही कागदपत्रं तपासून हवी असतील त्यांनी बँडकडून आली तशीच, न सुधारता आमच्याकडे द्यावीत. जूनच्या कार्यक्रमासाठी ती एप्रिलच्या मध्यापर्यंत लागतील, कारण त्यानंतर २७ तारखेच्या राजाच्या दिवसाच्या तयारीत भाड्याची दुकानं फोन उचलत नाहीत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
नेदरलँड्समध्ये ध्वनी, रंगमंच आणि बुकिंगचं काम करणारे काही मराठीजन